विलय

नाशिकच्या रामकुंडात जिथे अस्थी सोडल्या जातात त्या जागेला अस्थिविलय तीर्थ म्हणतात. ब्रह्मगिरीवरून उतरलेली गोदावरी पंचवटीशी येऊन दक्षिणेकडे वळते, तिथे तिच्या पात्रातच बांधलेले हे कुंड १६९६ च्या सुमाराचे. पुढे थोरल्या माधवराव पेशव्यांच्या मातोश्री गोपिकाबाईंनी त्याची दुरुस्ती केली. आणि या सगळ्या बांधकामाच्या कितीतरी मागे, प्रभू रामचंद्रांनी पित्याचे श्राद्ध इथेच केले ही श्रद्धा या पाण्याशी जोडलेली आहे. कुठून कुठून माणसे येतात, तिसऱ्या दिवशी सावडलेल्या अस्थींचा कलश छातीशी धरून पायऱ्या उतरतात, आणि इथे पडलेली अस्थी पुढे पाण्याचीच होते या विश्वासाने हात रिकामे करून परततात. या तीर्थाच्या नावात ‘विसर्जन’ नाही, ‘विलय’ आहे, आणि हा शब्द निवडणाऱ्या अज्ञात पूर्वजाच्या विचाराची खोली मला वर्षानुवर्षे खुणावत आली आहे. विसर्जनात सोडणारा मुख्य असतो. विलयात मुख्य असते ते सोडलेले, आणि सोडल्यानंतर त्याचे जे होते ते.

काय होते त्याचे? आपण पटकन म्हणतो, नाहीसे होते. पण नाश आणि विलय यांत अंतर आहे, आणि ते सावकाश पाहण्याजोगे आहे. नाश म्हणजे असलेले नसणे. विलय म्हणजे वेगळेपणाने असलेले वेगळे न उरणे. नाशाला दुसऱ्या कोणाची गरज नसते, विलयाला मात्र स्वीकारणारा लागतोच. विलीन व्हायचे तर कशात तरी, कोणात तरी व्हावे लागते. म्हणून विलय हा शब्द उच्चारताच दोघे समोर उभे राहतात, देणारा आणि घेणारा, आणि त्या दोघांमधली सीमा हळूहळू पुसली जाण्याचा काळ. हे ध्यानात ठेवून, वाचकहो, आज मी तुम्हाला रामकुंडापासून थोडे दूर, अस्थिशल्यचिकित्सेच्या दालनात नेऊ इच्छितो. कारण तिथे अस्थिविलय हा शब्द कोणी उच्चारत नसले तरी त्याचा अर्थ रोज घडतो आहे.

आधी अस्थी म्हणजे काय ते पाहू. आपल्या आयुर्वेदाने रस, रक्त, मांस, मेद यांच्यानंतर अस्थी हा पाचवा धातू मानला आणि देहाचे धारण हे त्याचे कर्म सांगितले. चरकाने अस्थींची संख्या ३६० मानली, सुश्रुताने शल्यशास्त्राच्या दृष्टीने ३००, आजचे शरीरशास्त्र प्रौढ माणसात २०६ मोजते. दात, नखे, कूर्चा धरायच्या की नाही यावर ते अंतर ठरते. पण संख्येपेक्षा महत्त्वाचे हे की आपण अस्थी म्हणजे देहातली सर्वांत स्थिर, जवळजवळ दगडासारखी वस्तू समजतो, आणि ती तशी मुळीच नाही. अस्थीत दोन प्रकारच्या पेशींचे काम अखंड चालू असते. एक प्रकार जुने हाड आम्ल सोडून विरघळवतो, दुसरा त्या रिकाम्या जागेत नवे हाड रचतो. प्रौढ माणसाच्या सांगाड्याचा सुमारे दहावा भाग दर वर्षी असा नवा होतो. म्हणजे दहा वर्षांपूर्वी ज्या हाडांवर आपण उभे होतो त्यांतला फार मोठा अंश आज आपल्यात नाही, आणि तरी आपण पडलो नाही. मरणानंतर जो विलय व्हावा म्हणून आपण तीर्थ शोधतो, तो जिवंतपणी, न मागता, न कळता, आपल्या आत अखंड चालू आहे. देहाचे धारण करणारा धातू स्वतः सतत विरघळत राहूनच धारण करतो, हे एवढे एक सत्य मनात मुरले तरी विलयाविषयीची अर्धी भीती सरते.

आता असे समजा की कोणाच्या देहात ही रचना खंडित झाली. अपघातात मांडीचे हाड मोडले, रॉड घातला, प्लेट बसवली, महिने गेले, पण हाड जुळतच नाही. किंवा पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाच्या गुडघ्याजवळ कर्करोगाची गाठ आली आणि वीतभर हाड काढावे लागले. अस्थीचा जो दुष्ट कर्करोग किशोरवयात येतो तो बहुधा गुडघ्याच्या आसपासच येतो. किंवा खुब्यात बसवलेला कृत्रिम सांधा पंधरा-वीस वर्षांनी ढिला झाला आणि तो बदलताना दिसले की भोवतीचे हाड झिजून पोकळी पडली आहे. अशा ठिकाणी हाडाची जागा हाडानेच भरावी लागते. पहिला पर्याय रुग्णाच्याच कमरेच्या हाडातून तुकडा घेण्याचा. तो सर्वांत उत्तम, कारण त्यात जिवंत पेशी असतात. पण तिथे मिळून मिळून मूठभर मिळते, लहान मुलाकडे तेवढेही नसते, आणि घेतल्या जागी दुखणे राहते ते वेगळेच. तिथून पुढे दुसऱ्या माणसाच्या अस्थीची गरज सुरू होते, आणि ती गरज वेळेवर भागावी म्हणून अस्थिपेढी, ज्याला रुग्णालयात बोन बँक किंवा टिश्यू बँक म्हणतात.

ही कल्पना जितकी नवी वाटते तितकी नाही. ग्लासगोचे शल्यविशारद विल्यम मॅकेवेन यांच्याकडे चार वर्षांचा एक मुलगा आला होता. जंतुसंसर्गाने त्याच्या दंडाचे हाड गेले होते आणि हात नुसता लोंबकळत होता. त्याच काळात मॅकेवेन मुडदुसाने पाय वाकलेल्या मुलांच्या नडगीतून पाचरीसारखे तुकडे काढून ते पाय सरळ करत असत. ते काढलेले तुकडे त्यांनी या मुलाच्या दंडात बसवले, आणि हात हात झाला. १८८१ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे त्यांनी हे मांडले. या घटनेतला जो भाग मला थांबवतो तो शल्यकौशल्याचा नाही. एका मुलाच्या देहात जे वाकडे म्हणून, नको म्हणून काढले, तेच दुसऱ्याच्या देहात आधार झाले. अस्थी तीच, एका ठिकाणी ती विकृती होती, दुसऱ्या ठिकाणी धारण. विलयाला योग्य पात्र मिळाले की टाकाऊपणा वस्तूचा उरत नाही.

पुढे १९४२ मध्ये क्युबाचे अल्बर्टो इंक्लान यांनी थंडीत जपून ठेवलेल्या अस्थींच्या वापराविषयी लिहिले, १९४९ मध्ये अमेरिकन नौदलाने बेथेस्डा येथे ऊतीपेढी, म्हणजे टिश्यू बँक, उभारली, आणि आपल्या मुंबईत, परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात, १९८८ साली ऊतीपेढी सुरू झाली. डॉ. अॅस्ट्रिड लोबो गाजीवाला यांनी दीर्घकाळ तिची धुरा वाहिली. किरणांनी निर्जंतुक केलेल्या मानवी ऊतींचे काम भारतात या पेढीने प्रथम रुजवले. तिथे अस्थी येते तशीच प्रसूतीनंतर टाकून दिले जाणारे गर्भावरणही येते, आणि शुद्ध होऊन जखमांवर पांघरूण म्हणून जाते. मरणातून येणारे आणि जन्मातून येणारे, दोन्ही एका छताखाली जपले जाते.

या पेढीत अस्थी येते ती दोन वाटांनी. पहिली वाट जिवंत दात्याची, आणि ती इतकी सोपी आहे की तिच्याविषयी समाजात इतके अज्ञान का, याचे मला दुःख वाटते. म्हातारपणी घसरून खुब्याचे हाड मोडते किंवा सांधा झिजतो. शल्यविशारद मांडीच्या हाडाचा वरचा गोळा काढतात आणि कृत्रिम सांधा बसवतात. तो काढलेला गोळा एरवी पिवळ्या पिशवीत, जैववैद्यकीय कचऱ्यात जातो. दात्याला त्यासाठी वेगळी चीर नाही, वेगळी वेदना नाही, वेगळा खर्च नाही; लागते ती शस्त्रक्रियेआधीची एक संमती आणि रक्ताच्या काही तपासण्या. दुसरी वाट मृत दात्याची. मृत्यूनंतर काही तासांच्या आत, शस्त्रक्रियागृहासारख्या स्वच्छतेत, मांडीचे, नडगीचे, दंडाचे हाड, कमरेचा भाग, टाचेवरचा स्नायुबंध असे काही घेतले जाते. मग त्या जागी आधार बसवून, चिरा शिवून, देहाला पुन्हा त्याचे रूप देऊन तो घरच्यांच्या स्वाधीन केला जातो.

घेतलेले सगळेच स्वीकारले जाते असे नाही, आणि न स्वीकारण्यातही एक धर्म आहे. दात्याला कर्करोग, क्षय, कावीळ, एचआयव्ही, कसलाही अंगात भिनलेला संसर्ग असेल, किंवा मृत्यूचे कारणच अज्ञात असेल, तर पेढी हात जोडून नाही म्हणते. जिवंत दात्याच्या रक्ताची तपासणी सहा महिन्यांनी पुन्हा करण्याची पद्धत आहे, कारण संसर्ग ताजा असेल तर पहिल्या तपासणीत तो लपून राहू शकतो; तोवर ती अस्थी वेगळी, वाट पाहत, ठेवलेली असते. अस्थीवरचे मांस, चरबी, आतली मज्जा धुऊन काढतात. मग एक तर उणे ८० अंश सेल्सिअसच्या शीतात ती ठेवतात, किंवा गोठवूनच तिच्यातले पाणी काढून घेतात, म्हणजे ती साध्या तापमानालाही टिकते. शेवटी येतात गॅमा किरण. मुंबईच्या ट्रॉम्बेत १९७४ साली वैद्यकीय वस्तू निर्जंतुक करण्यासाठी आयसोमेड हा प्रकल्प सुरू झाला होता, त्यामुळे या विद्येचे घर जवळच होते. आम्हा नाशिककरांना हे किरण परके नाहीत. आमच्याच जिल्ह्यात लासलगावला भाभा अणुसंशोधन केंद्राने २००२ साली उभारलेल्या ‘कृषक’ केंद्रात कांद्याला कोंब फुटू नयेत म्हणून आणि पुढे परदेशी जाणाऱ्या आंब्यात कीड राहू नये म्हणून हेच किरण वापरले गेले. आंब्याला ४०० ग्रे मात्रा पुरते. अस्थीला २५,००० ग्रे दिली जाते. याहून जास्त दिली तर अस्थीतले तंतू दुबळे होतात, कमी दिली तर शुद्धीची खात्री राहत नाही. या सगळ्या संस्कारांतून पार झालेल्या अस्थीत जिवंत पेशी एकही उरत नाही. म्हणूनच मूत्रपिंड किंवा यकृत बसवल्यावर जशी जन्मभर औषधे घ्यावी लागतात तशी इथे लागत नाहीत, रक्तगटही सहसा जुळवावा लागत नाही. फक्त मज्जेचा अंश राहिलेली अस्थी असेल तर आरएच निगेटिव्ह रक्ताच्या तरुण स्त्रीच्या बाबतीत भावी गर्भाचा विचार करून काळजी घेतात.

इथे एक जिज्ञासू थांबून विचारील की जिच्यात प्राण नाही ती अस्थी जिवंत देहात काय करणार? हाच तो प्रश्न, ज्याच्या उत्तरात विलय या शब्दाचा गाभा आहे.

देहात बसवलेल्या अशा तुकड्याला, ग्राफ्टला, आपल्याकडे कलम म्हणतात, आणि नाशिक जिल्ह्यात कलम म्हटले की डोळ्यांपुढे द्राक्षबाग येते. डॉगरीज जातीच्या खुंटावर थॉम्पसन द्राक्षाची काडी भरतात; खुंट जमिनीतला क्षार, पाण्याचा ताण सोसतो, आणि वर काडी आपल्याच जातीची पाने, आपल्याच चवीचा घड देत राहते. वीस वर्षांनीही खुंट तो खुंट आणि काडी ती काडी. अस्थीचे कलम याच्या अगदी उलट वागते. ते आपली जात राखत नाही. ते बसवले की प्रथम त्याच्याभोवती रुग्णाच्या रक्तवाहिन्या येतात, त्याच्या जाळीदार पोकळ्यांत शिरतात. त्यांच्याबरोबर हाड विरघळवणाऱ्या आणि हाड रचणाऱ्या पेशी येतात. आणि मग दात्याची अस्थी कणाकणाने विरघळत जाते आणि विरघळलेल्या जागी रुग्णाची स्वतःची अस्थी उभी राहते. मुंगीच्या गतीने चालणाऱ्या या प्रक्रियेला शल्यशास्त्रात सरपटत होणारी अदलाबदल अशा अर्थाचे नाव आहे. शिकागोच्या डॅलस फेमिस्टर यांनी १९१४ साली प्रत्यारोपित अस्थीचे पुढे काय होते याविषयी लिहिताना ते रूढ केले. म्हणजे बसवलेली अस्थी रुग्णाला हाड ‘देत’ नाही, असे म्हणायला हरकत नाही. ती त्याच्या हाडाला येण्याची वाट देते, ते येईपर्यंत जागा धरून ठेवते, आणि ते आले की सरते. धारण करता करता सरणे, हा विलयाचा आणखी एक पदर.

आणि पुढचा पदर त्याहून खोल आहे. १९६५ साली लॉस एंजेलिसचे मार्शल उरिस्ट यांनी अस्थीतला खनिज भाग आम्लाने काढून टाकला, उरलेला मृत गाभा प्राण्यांच्या स्नायूत, जिथे हाड असण्याचे काही कारण नाही अशा जागी, ठेवला. आणि तिथे नवे हाड निर्माण झाले. त्या मृत गाभ्यात हाड घडवण्याची प्रेरणा देणारे प्रथिन दडलेले होते, खनिजाच्या कवचात बंद. जोवर अस्थी अखंड, कठीण, स्वतःपुरती असते तोवर तो निरोप आतच राहतो; ती विरघळू लागली की तो बाहेर पडतो आणि शेजारच्या पेशींना कामाला लावतो. आपल्या देहातल्या रोजच्या झिजेतही हेच चालते, विरघळणाऱ्या हाडातून सुटलेली द्रव्येच पुढच्या रचनेला आवाहन करतात. साधकांनी अहंकाराविषयी जे वारंवार ऐकले आहे, त्याचा हा देहातला दाखला म्हणून मी पुढे ठेवीत नाही, कारण अस्थीला अहंकार नसतो; मी एवढेच म्हणतो की सृष्टीने ही रचना फार आधीपासून करून ठेवली आहे, आणि संतांनी ती वेगळ्या ठिकाणी पाहिली.

विलय एकदा झाला की मागे फिरता येत नाही, याची एक जुनी नोंद आहे. १६६८ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात डच शल्यविशारद योब फान मेकरेन यांनी एका रशियन सैनिकाची हकिकत सांगितली आहे. त्याच्या कवटीची मोडलेली जागा कुत्र्याच्या कवटीच्या तुकड्याने भरली गेली, तो बरा झाला. पण माणसाच्या मस्तकात पशूचे हाड म्हणून चर्चने त्याला बहिष्कृत केले. तो पुन्हा शल्यविशारदाकडे आला, हे काढून घ्या म्हणाला. आणि पाहतात तो तुकडा असा एकजीव झालेला की काढता येईना. आज अशी शस्त्रक्रिया कोणी करणार नाही, आणि कथेत काळाची भर किती हेही सांगणे कठीण; पण ज्यांना देणारा कोण, कुठल्या जातीचा, कुठल्या धर्माचा हे शेवटपर्यंत वेगळे राखायचे असते त्यांच्यासाठी त्या सैनिकाची कवटी पुरेशी बोलकी आहे.

तरी प्रामाणिकपणे हेही सांगितले पाहिजे की विलय नेहमी पूर्ण होतोच असे नाही. जाळीदार, मऊ अस्थीचे तुकडे, म्हणजे खुब्याच्या गोळ्यातून येतात तसे, कालांतराने जवळजवळ पूर्णपणे रुग्णाचे होतात. पण लांब हाडाचा घट्ट, भरीव नळीसारखा भाग बसवला तर त्यात प्रवेश करणे पेशींना अवघड जाते. दोन्ही टोकांशी सांधा जुळतो, पृष्ठभागावर थोडा बदल होतो, आणि आतले बरेचसे दात्याचे हाड दात्याचेच, मृतच, वर्षानुवर्षे तसेच राहते, रुग्णाच्या जिवंत हाडाच्या कुशीत. शिवाय मधल्या काळात, विरघळणे पुढे आणि रचना मागे असते तेव्हा, ते हाड पूर्वीपेक्षा दुबळे होते. अशा वेळी घाईने भार टाकला तर ते मोडते. म्हणून डॉक्टर सांगतात, कुबड्या सोडू नका, आणि रुग्ण विचारतो, एक्स-रे चांगला दिसतो तर मग का? कारण विलयाला त्याचा काळ द्यावा लागतो, आणि त्या काळात घेणाऱ्यालाही तप करावे लागते. देणाऱ्याने दिले म्हणून काम संपले असे होत नाही. सामावून घेणे ही घेणाऱ्याची साधना आहे. ज्या अस्थीचा विलय अपुरा राहिला तिच्यातही मला उणीव वाटत नाही. ती न विरघळता भार वाहते, विरघळलेली विरघळून वाहते.

या विषयावर बोलताना दधीची ऋषींचे नाव येणार हे तुम्ही केव्हाच ओळखले असेल. ऋग्वेदात दध्यङ् ऋषींच्या अस्थींनी इंद्राने शत्रूंचा संहार केल्याचा उल्लेख आहे; महाभारताच्या वनपर्वात ती कथा विस्ताराने येते, देव याचक होऊन सरस्वतीकाठच्या आश्रमात आले, ऋषींनी आपणहून प्राण सोडले, त्वष्ट्याने त्यांच्या अस्थींचे वज्र घडवले. त्या वज्राची आकृती आज भारताच्या परमवीर चक्रावर आहे, चारही दिशांना एकेक, आणि ते चक्र रेखाटले सावित्रीबाई खानोलकर यांनी. जन्माने युरोपीय, विवाहाने खानोलकर घराण्यात आलेली ही विदुषी आपल्या पुराणांत इतकी रमली होती की सैनिकाच्या परम त्यागाला प्रतीक शोधताना तिला दधीचीच आठवले. देहदानाच्या चळवळीनेही तेच नाव घेतले, आणि ते योग्यच आहे.

पण अस्थिपेढीच्या दात्याची तुलना दधीचींशी करताना मला एक भेद जाणवतो, आणि तो मला महत्त्वाचा वाटतो. दधीचींच्या अस्थींचे वज्र झाले. वज्र आकार राखते, दिसते, गाजते, आणि त्याबरोबर दात्याचे नावही युगानुयुगे राहते. पेढीतल्या अस्थीचे शस्त्र होत नाही, कोणाचा तरी गुडघा होतो, कोणाच्या तरी पाठीचा मणका होतो, आणि त्यावर कोणाचे नाव नसते. पेढीच्या नोंदवहीत एक क्रमांक असतो; पुढे काही दोष आढळला तर दात्यापासून रुग्णापर्यंत माग काढता यावा म्हणून तो क्रमांक काटेकोर जपतात. पण रुग्णाला दाता कळत नाही आणि दात्याच्या घरच्यांना रुग्ण कळत नाही. अस्थीच्या आधी नावाचा विलय होतो. आपल्याकडे दानाचे फलक लावण्याची हौस फार, पायरीपायरीवर नावे कोरलेली असतात. तिथे हे असे दान, ज्याची पायरीही उरत नाही, मला दधीचींच्या दानापेक्षा लहान वाटत नाही.

आता श्रद्धावंतांच्या मनातली भीती. ती हसण्यावारी नेऊ नये, कारण ती प्रेमातून आलेली असते. वडिलांचे हाड काढून दिले तर सावडायला काय उरेल, दहाव्याला पिंडाला कावळा शिवेल का, पुढच्या जन्मी देह अपुरा मिळेल का, असे प्रश्न घरातली वडीलधारी माणसे दबक्या आवाजात विचारतात. पहिल्याचे उत्तर साधे आहे. वैद्यकीय महाविद्यालयाला अभ्यासासाठी संपूर्ण देह दिला जातो ते देहदान वेगळे, ऊतीदान वेगळे. ऊतीदानानंतर देह घरी येतो, दहन होते, सावडणे होते. घेतलेली हाडे मोजकी असतात, बाकीच्या अस्थी असतातच, आणि तीर्थात सोडायला कधीही सगळा सांगाडा लागत नव्हता, कलशात मावतील एवढ्याच अस्थी आपण नेत आलो. उरलेल्या दोन प्रश्नांना उत्तर शास्त्र देणार नाही, ते श्रद्धेनेच द्यावे लागेल, आणि माझी श्रद्धा मला असे सांगते की ज्याची इच्छा आयुष्यभर दुसऱ्याला उभे करण्याची होती त्याची वासना कोणाला उभे केल्याने अतृप्त कशी राहील? शिवाय ज्याच्या देहात ती अस्थी गेली तोही एक दिवस जाणार. त्याच्याही अस्थी कोणी सावडील, कोणत्या तरी नदीत सोडील, आणि त्यांत त्या पहिल्या दात्याचा अंश असेलच. विलय चुकला नाही. मध्ये एक आयुष्य जास्त जगून तो पाण्यापर्यंत पोहोचला.

ज्या नाशकात हे तीर्थ आहे, त्याच नाशकात १९९८ पासून महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे; राज्यभरातल्या डॉक्टरांच्या पदव्या म्हसरूळच्या त्या आवारातून निघतात. एका गावात या दोन गोष्टी असाव्यात आणि अस्थिदानाचा विचार दशक्रियेच्या ओट्यापर्यंत पोहोचू नये, हे मला खटकते. तीर्थोपाध्यायांनी चार शब्द सांगितले तर जे घडेल ते शंभर भित्तिपत्रकांनी घडणार नाही, कारण शोकाच्या घरात माणूस त्यांचेच ऐकतो.

कायदा या कामात आडवा येत नाही. १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्याला २०११ च्या दुरुस्तीने ऊतींचीही जोड मिळाली, २०१४ मध्ये नियम झाले, पेढीला नोंदणी अनिवार्य झाली, मानवी ऊतींची खरेदी-विक्री हा गुन्हा ठरला. उरते ती माणसांची सिद्धता. मृत्यूनंतरच्या दानाला जवळच्या नातेवाइकांची संमती लागते, आणि वेळ काही तासांची असते. त्या तासांत नवा विचार करण्याचे बळ कोणात नसते. म्हणून हे घरात आधी, धडधाकट असताना, जेवणाच्या पानावर बोलून ठेवावे लागते, मुलाला, सुनेला, भावाला स्पष्ट शब्दांत. आणि घरात कोणाची खुब्याची शस्त्रक्रिया ठरली असेल तर इतके थांबायचेही कारण नाही. संमतीच्या कागदावर सही करताना डॉक्टरांना विचारावे की काढलेला गोळा कुठे जातो, तो पेढीला देता येईल का. आणि या रुग्णालयाची कोणत्याच पेढीशी जोड नाही असे ते म्हणाले, तर ती का नाही आणि ती जोडण्यासाठी काय लागेल, हेही तिथेच, नम्रपणे, पण उत्तर मिळेपर्यंत विचारावे.